खिशातला कांदा

मृण्मयीच्या मनगटावर घड्याळ आहे.
त्यात वेळ असते, ती कुणी बघत नाही.
त्यात ती असते.
एक निळा ठिपका,
मनीषनगरच्या गल्लीतून अबॅकसच्या क्लासपर्यंत
सरकणारा, थांबणारा,
आणि मी वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसून
एका डोळ्यानं फीडर बघतो, कुठला ट्रिप झाला,
दुसऱ्यानं पोरगी.

मे महिना. सेहेचाळीस.
डांबर चपलेला धरून ठेवतं.
टोपी, दुपट्टा, ओआरएसची बाटली,
शेंदरेंचा ऑटो, शेंदरेंचा नंबर, शेंदरेंच्या बायकोचाही नंबर.
पोचली का?
पोचले.
आत गेली का?
बाबा, दारातच उभी आहे,
तुम्ही फोन ठेवाल तर जाईन ना.

माझ्या वेळी आई एक कांदा द्यायची.
पांढरा, न सोललेला, हाफपँटच्या खिशात.
"राहू दे. लू लागत नाही."
आणि दार लोटून कूलरपुढे आडवी व्हायची.
एवढीच आमची सुरक्षा.
पाचपावलीची आम्ही सात पोट्टी
रुळावर दहा पैसे ठेवून गाडीची वाट बघायचो,
चपटं झालेलं नाणं गरम गरम वाटून घ्यायचो,
मग कामठी रोडपलीकडची खदान.
पाणी किती खोल, ते दगड टाकून ठरायचं:
जितका उशिरा बुडबुडा, तितकी उंच उडी.

हे मी लग्नाच्या पंगतीत सांगतो.
लोक हसतात. आपण कसे वाढलो बे, म्हणतात.
आजकालचे आईबाप म्हणजे, म्हणतात,
आणि टेबलाखाली फोन धरून
आपापला ठिपका बघून घेतात.

पंगतीत मी खदानीपाशी थांबतो.
पुढचं सांगत नाही.
सात जणांनी उड्या मारल्या, सहा वर आले.
देवा बांतेची चड्डी काठावर होती,
घडी करून ठेवलेली, त्याची ती सवयच,
आणि खिशात कांदा, जसाच्या तसा.

लू लागली नव्हती त्याला.

परवा आईला विचारलं,
तुला भीती नव्हती वाटत?
ती गहू निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"भेव होतं ना बाप्पा. तुम्ही चौघं, नळाले एक तास पाणी,
भ्यायले टाइम कुठी होता?"
देवा गेला तेव्हा?
"तेव्हा तुले कोंडलं घरात. आठ दिवस.
नवव्या दिवशी तू भिताडाशी बोलाले लागला.
मंग उघडलं दार."
मग?
"मंग काय. एकाच्या जागी दोन कांदे."

काल ठिपका दोन तास घरातच होता.
मी निवांत. चहा घेतला. तीन फीडर सांभाळले.
घरी आलो तर घड्याळ चपलांच्या रॅकमध्ये,
शाळेच्या बुटात, मोज्यात नीट गुंडाळलेलं.
ती सातला आली.
गुडघा सोललेला, केसात गवत,
नाकाच्या शेंड्यावर कुठलीतरी ओली माती.

कुठं गेल्ती?
कुठंच नाही.

हे उत्तर मला येतं.
कानात खदानीचं पाणी गुळगुळत असताना
याच सुरात मी हे द्यायचो.
ओरडायला तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात आठवलं ते भिताड, चुन्याचं,
पोपडे निघालेलं, आणि मी त्याला
देवाला सांगावं तसं काय काय सांगत होतो.

गुडघा धुतला. हळद लावली.
बऱ्याच वेळानं विचारलं,
पोहता येतं का तुला?

ती माझ्याकडे बघत राहिली.
तुम्हीच तर, म्हणाली,
कधी पाण्याजवळ जाऊ दिलं?

रात्री घड्याळ चार्जिंगला लावलं.
ती शेजारच्या खोलीत झोपलेली,
घोरणं ऐकू येत होतं.
तरी एकदा फोन उघडून पाहिलं.